पंखा बघणे

मंगळवार, ११ फेब्रुवारी २०२५

पाच वाजता उठलो. पाणी गाळलं. मंदिरात जाऊन आलो. दूध आणलं. अकरा वाजता कॉम्प्युटर सुरू केला. बारा मिनिटं चालला आणि आपोआप बंद पडला.

ही डायरी तासगावच्या एका बेदाणा व्यापाऱ्याने पाठवलेली. तिथल्या कोल्ड स्टोरेजमध्ये मी कॉम्प्रेसरवर होतो. निवृत्त झालो तरी दर वर्षी डायरी येते. तिथे दर दोन तासांनी तापमान वहीत लिहावं लागे. तेवढंच काय ते आयुष्यात लिहिलं. माझी बायको सुरेखा मागच्या वर्षी १९ सप्टेंबरला गेली. आज लिहितोय कारण हल्ली काय केलं ते लक्षात राहत नाही, आणि मशीन दुरुस्त करताना काय काय केलं ते टिपून ठेवावं लागतं.

मंदिरात जवाहरअण्णा भेटले. ते मंदिराचे सेक्रेटरी आहेत. म्हणाले, “भरतेश, महावीर जयंतीला सुरेखाच्या नावानं शास्त्रदान करायचं म्हणालतास. पुस्तक कुठलं वाटायचं?”

मी म्हणालो, “तिचंच.”

“झालंय व्हय लिहून?”

“बहुतेक.”

“बहुतेक न्हाई चालत. छापखान्याला सोळा मार्चला कागद द्यायला पायजेत. न्हाईतर तयार पुस्तकं मिळत्यात, त्यावर तिचं नाव घालू. ते बी पुण्यच की.”

मला ते नको आहे. नाव तिचं आणि आतला मजकूर दुसऱ्याचा, असं पुस्तक लोकांच्या हातात द्यायचं नाही.

ती रविवारी पाठशाळेत मुलांना शिकवायची. त्या मुलांसाठी पुस्तक लिहीत होती. कुठल्या जीवाला किती इंद्रियं असतात, त्याचे पाच पाठ. सगळं या कॉम्प्युटरमध्ये आहे. पूर्ण आहे की नाही, मला माहीत नाही. मी कधी विचारलं नाही.

आवाज असा: सुरू केल्यावर शांत. तीन-चार मिनिटांनी चढायला लागतो. दहा मिनिटांनी इतका चढतो की शेजारच्या खोलीत रेडिओ ऐकू येत नाही. मग एकदम सगळं बंद.

मागच्या ऑगस्टमध्येही असा आवाज यायचा का? आठवत नाही. एवढं आठवतं की ती पायाशी टेबल फॅन लावून बसायची. बाहेर पाऊस, गारवा, आणि हिला वारा हवा. मी तो फॅन दोनदा उचलून माळ्यावर ठेवला. तिने दोनदा काढला. बोलली काही नाही. वयाप्रमाणे होत असेल असं मला वाटलं.

बुधवार, १२ फेब्रुवारी

सीपीयूचा डबा टेबलाच्या कप्प्यातून बाहेर काढला. बाजूच्या पत्र्याला मागून दोन स्क्रू हवेत, एकच होता. कंपनीनेच एक लावला असेल.

आत तीन पंखे आहेत. एक प्रोसेसरवर, एक पॉवर सप्लायच्या पेटीत, एक मागच्या जाळीवर. स्क्रू-ड्रायव्हरचं टोक यंत्राला आणि मूठ कानाला लावली की आतलं ऐकू येतं. चाळीस वर्षं तसंच करत आलो. आधी माधवनगरच्या मिलमध्ये, मग कोल्ड स्टोरेजमध्ये. आवाज प्रोसेसरवरच्या पंख्याचा आहे. यात शंका नाही. पॉवर सप्लायचा साधा आहे. मागचा फिरतच नाही. त्याची वायर कुठे लावलेली नाही, गुंडाळून पांढऱ्या दोऱ्याने डब्याच्या पट्टीला व्यवस्थित बांधली आहे. जादाचा पंखा असावा.

ब्रशने धूळ काढली. मागच्या जाळीवर बाहेरून मातीचा गोळा होता, कुंभारीण माशी घर करते तसला. स्क्रू-ड्रायव्हरने खरवडला. अर्धा निघाला, आतला अर्धा जाळीपलीकडे राहिला. निघालेली माती जास्वंदीच्या कुंडीत टाकली. असली घरं आपल्याकडे होतातच. दोन वर्षांपूर्वी बाथरूमच्या झरोक्यात चार होती, मी झाडूच्या दांड्याने पाडली होती. त्या संध्याकाळी सुरेखा जेवली नव्हती. तिला पित्ताचा त्रास होताच.

प्रोसेसरच्या पंख्याला शिलाई मशीनच्या तेलाचे दोन थेंब दिले.

वीस मिनिटं चालला. मग बंद.

शुक्रवार, १४ फेब्रुवारी

काल पंचवीस मिनिटं. आज चौदा. तेल लागू पडलं असतं तर वेळ कमी व्हायला नको होता. काही समजत नाही.

पहिला पाठ वाचला. माती, पाणी, झाड. यांना एकच इंद्रिय, स्पर्शाचं. भाषा सोपी आहे. ती बोलायची तशीच आहे, पण ती एवढं बोलायची नाही. दोन ठिकाणी टायपिंगच्या चुका होत्या, दुरुस्त केल्या. सेव्ह करायच्या आत बंद पडला. पुन्हा सुरू केला, पुन्हा दुरुस्त केल्या, सेव्ह केलं. तेवढ्यात आवाज चढला.

दुसरा पाठ शंख आणि गांडुळाचा. अर्धाच वाचून झाला.

रविवार, १६ फेब्रुवारी

अंकिताचा फोन आला. जावई शिरवळला कारखान्यात आहेत, ती तिथेच असते. ब्राह्मी आठ महिन्यांची झाली. मागच्या मे महिन्यात सुरेखा तिच्या बाळंतपणाला गेली होती ती जुलैच्या शेवटी परत आली. तेवढे दिवस घरात मी एकटाच होतो. तेव्हा ते जड गेलं नव्हतं.

“अण्णा, मागे कसला आवाज येतोय? गिरणीत आहात का?”

“कॉम्प्युटर आहे.”

“तो अजून आहे? भंगारात द्या आणि तुम्ही इकडे या बघू. ब्राह्मी रांगायला लागली, तिच्यामागे धावायला माणूस पाहिजे मला.”

“आईचं पुस्तक आहे त्यात.”

ती म्हणाली, “मग नका देऊ.”

फोन झाल्यावर मागच्या वर्षीचं कॅलेंडर काढलं. सुरेखा त्यावर सगळं लिहायची, त्यात दुरुस्तीवाल्याचं काही मिळेल असं वाटलं. सप्टेंबरच्या पुढची पानं मी उलटलीच नव्हती. नोव्हेंबरच्या पानावर, चातुर्मास संपल्यानंतरच्या सोमवारी तिच्या अक्षरात लिहिलंय: पंखा बघणे.

कुठला पंखा? स्वयंपाकघरातल्या छताच्या पंख्याला खूप धूळ आहे. तोच असणार. शिडी लावून पुसला, बेअरिंगला ग्रीस दिलं. तिने लिहून ठेवलेलं एक काम तरी झालं.

मंगळवार, १८ फेब्रुवारी

सांगलीला विश्वजितच्या दुकानात गेलो. हा कॉम्प्युटर त्यानेच बसवून दिला होता, डब्यावर त्याच्या दुकानाचं स्टिकर आहे. पस्तिशीचा आहे. एका हाताने काम, दुसऱ्या हाताने फोन.

पुस्तक पेन ड्राइव्हवर घेऊन गेलो होतो. त्याच्या मशीनवर उघडलं तर सगळी इंग्रजी अक्षरं आणि खुणा. सुरेखाचं एक अक्षर दिसेना.

तो म्हणाला, “घाबरू नका काका. गेलं न्हाई कुठं. फॉन्ट लय जुना हाय, त्यो फकस्त तुमच्याच मशिनवर हाय. तिथनंच प्रिंट मारा.”

“ते मशीन पंधरा मिनिटं चालत नाही.”

“मग हिकडं घिऊन या.”

मी नको म्हणालो. का नको ते सांगता आलं नाही. ती त्या टेबलाशी बसायची, डबा तिथून हलवावा असं वाटत नाही, एवढंच.

“बरं, मग आवाज कुठल्या पंख्याचा?”

“प्रोसेसरच्या. कानाने खात्री केली आहे.”

त्याने नवा पंखा दिला. घरी येऊन बसवला. आवाज तसाच, उलट जोरात. सतरा मिनिटं.

पंखा नवा, बेअरिंग नवं, तरी तोच आवाज. याचा अर्थ दोष पंख्यात नाही. मग कशात आहे? इतक्या वर्षांत माझ्या कानाने मला असं फसवलं नव्हतं.

गुरुवार, २० फेब्रुवारी

तिसरा पाठ. मुंगी. तीन इंद्रियं: स्पर्श, चव, वास. मुंगीला डोळे नाहीत असं लिहिलंय. मला वाटतं असतात. पण शास्त्रात तसं असेल तर असेल, तिचं वाचन होतं, माझं नाही.

चौथ्या पाठाचं नाव दिसलं आणि बंद पडला.

डबा गार होईपर्यंत बसून राहिलो. बसल्या बसल्या तो दोरा पाहिला. मागच्या पंख्याची वायर बांधलेला. तो कंपनीचा नाही. कंपनी प्लॅस्टिकची पट्टी लावते. हा शिवणाचा दोरा आहे. गाठ सुरगाठ आहे, एक टोक ओढलं की सुटणारी. ओढून बघितलं. सुटली. वायरीच्या टोकाला पिन आहे, आणि बोर्डावर तशीच पिन घ्यायची जागा रिकामी आहे.

म्हणजे कुणीतरी डबा उघडला होता. एक स्क्रू हरवला. चालू पंखा बंद करून ठेवला. विश्वजितशिवाय दुसरं कोण असणार? सुरेखाला स्क्रू-ड्रायव्हर धरता येत नव्हता. मिक्सरचं झाकण अडकलं तरी ती मला हाक मारायची.

शनिवार, २२ फेब्रुवारी

दुकानात आज मी आवाज चढवला. मला तशी सवय नाही. दोन गिऱ्हाईकं होती, त्यांच्यासमोरच बोललो. म्हणालो, चांगला पंखा बंद करून ठेवता आणि मला दुसरा विकता?

विश्वजितने फोन खाली ठेवला.

“आवं काका, सीपीयू मी कशाला उघडू? मशीन बसवून गेलो, त्यावर तुमच्या घरात पाऊल टाकलं न्हाई.”

“मग वायर कुणी काढली?”

“काकूंनी.”

मी म्हणालो, शक्य नाही.

“बसा हितं. पाणी प्या. मागच्या श्रावणात काकूंचा फोन आलता. म्हटल्या, विश्वजित, मागचा पंखा तेवढा बंद ठेवायचा हाय, बाकी मशीन चालायला पायजे. मी म्हटलं, खराब झालाय व्हय? म्हटल्या, न्हाई, चांगलाय. मग बंद कशाला? तर म्हटल्या, त्याच्यावर बाळंतीण हाय.”

एक गिऱ्हाईक हसलं.

“मला वाटलं मांजर हाय! मी म्हटलं, काकू, तेवढ्या जागंत मांजर कसं मावंल? मग म्हटल्या, कुंभारीण. मी शिरवळला दोन म्हैने होते, तवर हिनं पंख्यावर घर बांधलंय. आता पंखा फिरला तर घर फुटंल. मग काय, फोनवर सांगितलं एकेक. हा स्क्रू काढा, ती वायर धरा, पिन दाबून वढा. अर्धा तास गेला बघा. एक स्क्रू पडला, त्यो घावलाच न्हाई. पर केलं त्यांनी.”

मी पाण्याचा पेला खाली ठेवला.

“मी सांगितलंतं, काकू, मशीन तापंल. पत्रा उघडा ठिवा, बाजूनं टेबल फॅन लावा. लावला नव्हता व्हय?”

“लावला होता.”

“मग! आता आवाज करतोय त्यो पंखा चांगलाच हाय. तुमचा जुना बी चांगलाच असणार. दोघांचं काम एकटा वढतोय, वरडणारच की त्यो.” त्याने चहा मागवला. “आता पाच-सा म्हैने झालं काका. माती खरवडा, पिन लावा. एका मिंटाचं काम हाय.”

चहा घेतला. आवाज चढवल्याबद्दल त्याला काहीतरी म्हणायला हवं होतं. बसमध्ये आल्यावर शब्द सुचले.

रविवार, २३ फेब्रुवारी

जास्वंदीच्या कुंडीतली माती हाताने चाळली. खरवडलेल्या अर्ध्या घराला भोक होतं का, ते पाहायचं होतं. पिल्लू बाहेर गेलं असेल तर गोल भोक पडतं. पण मी रोज कुंडीला पाणी घालतो. सगळी एकच माती झाली आहे.

त्या दिवशी खरवडताना मी बघितलं होतं का? बघितलंच असेल. आठवत नाही.

आतला अर्धा बॅटरीने पाहिला. दोन कप्पे आहेत. दोन्ही बंद. पंख्याच्या पात्याला चिकटलेले. पिन लावली तर पहिल्याच फेरीत फुटतील.

अंकिताला फोन केला. विचारलं, आईने कॉम्प्युटरच्या पंख्याचं तुला काही सांगितलं होतं का?

ती हसायला लागली. “बाळंतीण? हो! मला म्हणाली, एक बाळंतपण उरकून आले तर घरात दुसरं वाट बघत होतं.” मग तिचं हसू थांबलं. “पण तुम्हाला कसं कळलं? मला म्हणाली होती, अण्णांना सांगायचं नाही.”

“का?”

“अण्णा, बाथरूमचं आठवत नाही का तुम्हाला?”

“बाथरूमचं काय?”

“जाऊ दे. जेवलात का?”

बाथरूमचं काय ते समजलं नाही. मागच्या वर्षी नळ गळत होता, पण तो मी लगेच दुरुस्त केला होता.

मला सांगायला काय हरकत होती? मी काही नाही म्हणालो नसतो. दिवसातून सोळा-सतरा वेळा तरी मी त्या टेबलाजवळून गेलो असेन. चहा नेऊन दिला असेल. फॅन उचलून नेला दोनदा. तेव्हा तरी म्हणायचं, ठेवा तो, कामाचा आहे.

मंगळवार, २५ फेब्रुवारी

सकाळी स्क्रू-ड्रायव्हर घेऊन बसलो. खरवडायचं, पिन लावायची, प्रिंट काढायच्या. सोळा तारखेला एकोणीस दिवस आहेत. अंडी घालून सहा महिने तरी झाले, आत काही जिवंत असेल असं नाही. पण नसेल असंही सांगता येत नाही. असले जीव थंडीभर आत पडून राहतात, असं मिलमधला एक जण सांगायचा.

मंदिरात जवाहरअण्णांना विचारलं. पंख्याचं सांगितलं नाही. नुसतं विचारलं, कुंभारणीचं घर किती महिने भरलेलं असतं?

“तुला रं काय करायचंय?”

“सहज.”

“सहज इचारणारा माणूस न्हाईस तू. पुस्तकाचं काय झालं? मी तयार पुस्तकवाल्याशी बोलून ठेवलंय, बघ.”

“थांबा जरा.”

“मी थांबतो की. महावीर जयंती थांबंल व्हय?”

घरी आल्यावर स्क्रू-ड्रायव्हरचं टोक हलकेच मातीला टेकवलं आणि मूठ कानाला लावली. डोळे मिटून बराच वेळ ऐकलं. काहीच ऐकू आलं नाही. कॉम्प्रेसर असता तर मी सांगितलं असतं, बंद आहे. इथे काय सांगणार? कधीच आवाज न करणाऱ्याचं काय ऐकायचं असतं, मला माहीत नाही.

स्क्रू-ड्रायव्हर ड्रॉवरमध्ये ठेवून दिला.

शनिवार, १ मार्च

माळ्यावरून टेबल फॅन काढला. ती गेल्यावर मीच ठेवला होता, पोत्यात गुंडाळून.

उभा केला तर तोंड खाली. वर करायला गेलो, होईना. मान खाली वाकवून मागून दोऱ्याने बांधली आहे. तोच पांढरा दोरा, तीच सुरगाठ. बसलेल्या माणसाला वारा लागावा अशी ती मान नाहीच. टेबलाच्या कप्प्यात, डब्याच्या उंचीला बरोबर लागते. मी हा फॅन तीनदा हातात घेऊन शिडी चढलोय. मान वाकडी का, असं एकदाही मनात आलं नाही.

गाठ सोडली नाही. पत्रा काढून फॅन लावला. वारा थेट प्रोसेसरवर जाईल, मातीवर जाणार नाही अशा कोनात. कोन शोधायला लागलाच नाही, तिने बांधला होता तोच बरोबर होता.

चाळीस मिनिटं चालला. आवाज चढला नाही. मीच बंद केला.

तेवढ्यात आठवलं की मागच्या पंख्याची वायर त्या दिवशी मी सोडली ती लोंबतेय. पात्यात अडकायला नको म्हणून पुन्हा बांधायला घेतली. सुरगाठ जमेना. साधी गाठ जमते, सुटणारी जमत नाही. सहाव्यांदा जमली.

सोमवार, ३ मार्च

चौथा पाठ वाचला. चार इंद्रियांचे जीव. स्पर्श, चव, वास आणि डोळे. माशी, भुंगा, विंचू. शेवटचा परिच्छेद इथे उतरवून ठेवतो.

“चार इंद्रियांच्या जीवाला कान नसतात. म्हणून तुम्ही त्याच्यावर ओरडलात तरी त्याला कळत नाही, आणि त्याला हाक मारून सावध करता येत नाही. आपणच जपून राहायचं. सध्या आमच्या घरी एक कुंभारीण आली आहे. तिने चिखलाचं घर बांधलं आहे. आमच्या घरात एक जण आहेत, त्यांना असं घर दिसलं की झाडू आठवतो. ते वाईट नाहीत, त्यांना फक्त सगळं स्वच्छ लागतं. म्हणून ते घर कुठे आहे हे मी सांगणार नाही. पिल्लं उडून गेली की सांगेन.”

हे पुन्हा वाचलं.

त्या वेळी घरात आम्ही दोघंच होतो.

पाचवा पाठ आज वाचला नाही. बाथरूममध्ये जाऊन झरोका पाहिला. भिंतीवर चार गोल डाग आहेत. मागच्या दिवाळीच्या आधीचा चुना त्यावरून दिला आहे, तरी दिसतात.

गुरुवार, ६ मार्च

पाचवा पाठ पूर्ण आहे. पाची पाठ पूर्ण आहेत. शेवटी ‘समाप्त’ असं तिने टाइप केलं आहे आणि खाली तारीख, ११ सप्टेंबर. म्हणजे आठ दिवस आधी संपवलं होतं, डब्याचा पत्राही तेव्हाच लावून टाकला असणार. त्या दिवशी तिने शिरा केला होता. मी विचारलं, आज काय आहे? म्हणाली, काही नाही, असंच.

आता प्रूफ. रोज एक तास. प्रोसेसरचा जुना पंखा पुन्हा बसवला. नवा विश्वजितला परत करायचा आहे.

बुधवार, १२ मार्च

चौथ्या पाठाचं प्रूफ राहिलं होतं. शेवटच्या परिच्छेदापाशी थांबलो. त्या ‘एक जण’ची ही दोन वाक्यं मुलांच्या पुस्तकात कशाला, असं वाटलं. खोडायला कर्सर नेला. शब्द एकेक तपासले. ऱ्हस्व-दीर्घ बरोबर आहेत. चूक काही नाही.

तसंच ठेवलं.

सगळी अठ्ठेचाळीस पानं छापून काढली. प्रिंटर दोनदा अडला. कॉम्प्युटर अडला नाही.

शनिवार, १५ मार्च

सांगलीला गेलो. विश्वजितला पंखा परत दिला. म्हणालो, त्या दिवशी मी चुकीचं बोललो.

“आवं, चालायचंच काका. पिन लावली न्हवं?”

“नाही.”

“मग चालवताय कसं?”

“टेबल फॅनवर.”

त्याने माझ्याकडे बघितलं. “काकूंसारखंच करताय की,” म्हणाला आणि फोन घेतला.

तिथून मंदिरात. जवाहरअण्णांना कागद दिले. त्यांनी चष्मा लावून तिथेच पानं चाळली. चौथ्या पाठाशी थांबले.

“भरतेश, हे ‘घरात एक जण आहेत’ म्हंजे कोण रं?”

“मी.”

ते हसले नाहीत. कागद नीट जुळवले. “काढायचं का हे? पोरं हसतील.”

“हसू देत.”

“बरं.” मग म्हणाले, “तयार पुस्तकवाल्याला नको म्हणून सांगतो.”

चारला घरी आलो. सूर्यास्ताच्या आत जेवलो. भांडी घासली. कॉम्प्युटरवर तिने शिवलेलं कापड घातलं. बॅटरीने आत बघितलं. दोन्ही कप्पे बंद आहेत. भोक नाही. आत काही आहे की नाही, अजून माहीत नाही.

अंकिताने शिरवळला बोलावलंय. उन्हाळ्यात महिनाभर जाऊन येईन, असं कळवलं.

मग या वर्षीचं कॅलेंडर खिळ्यावरून काढलं. पेन्सिल घेतली. नोव्हेंबरचं पान काढून चातुर्मास संपल्यानंतरचा सोमवार शोधला आणि लिहिलं, पंखा बघणे. माझं अक्षर मोठं आहे, चौकटीत मावलं नाही, मंगळवारात गेलं. कॅलेंडर परत लावायला गेलो तर खिळा हलत होता. हातोडी आणून दोन ठोके दिले आणि लावलं.